खंडेनवमीचा जोड

सूड घ्यायला अक्कल फार लागत नाही, धीर लागतो. कुंदा साटमकडे धीर होता, वर अक्कलही होती, आणि दोन्ही एका ठिकाणी आली की समोरच्याची खैर नसते. अडचण एकच होती. तिला हवं होतं ते हत्यार अजून जगात आलेलं नव्हतं. ती वाट बघत राहिली. शाळा झाली, इंजिनीअरिंग झालं, पोलादाच्या जोडांवर पीएचडी झाली, लग्नाची स्थळं आली आणि कंटाळून परत गेली. मग एकदाचं ते हत्यार आलं. जीपच्या मागच्या भागात मावेल एवढं करड्या रंगाचं यंत्र, देवघरापेक्षा जरासं मोठं. कागदोपत्री त्याचं नाव हातभर लांब होतं, पण पुलांवर काम करणाऱ्या लोकांनी त्याला ‘वैदू’ म्हणायला सुरुवात केली. अंगाला लावलं की ते आतलं दुखणं सांगायचं.

दुखणं कसलं, ते आधी सांगायला हवं. चार बोटं जाडीच्या दोन पोलादी प्लेटी जोडायच्या म्हणजे मधल्या खाचेत वितळलेल्या धातूचे थरावर थर भरत जायचं. प्रत्येक थर निवताना आकसू बघतो. शेजारची जाड प्लेट त्याला आकसू देत नाही. मग तो ताणलेलाच राहतो, जन्मभर. ओल्या काथ्याने विणलेली बाज उन्हात टाकली की काथ्या सुकताना आवळतो आणि वर कुणी बसलेलं नसतानाही खूर करकरतात, तसं. पुलावरून एक सायकलसुद्धा गेलेली नसते, तरी जोडाच्या पोटात ओढाताण चालूच असते. पोलाद जितकं जाड आणि जितकं जबर, तितका हा शिल्लक ताण भारी. म्हणून असा जोड भरायला घेतला की संपेपर्यंत गरम ठेवावा लागतो, विजेचे तापपट्टे बांधून. मध्येच गार झाला, तर दमट हवेतून आत शिरलेला हायड्रोजन तिथेच अडकतो आणि ताणाच्या जोडीने केसाएवढी चीर पाडतो. बाहेरून ती चीर कुणाच्या बापाला दिसत नाही.

पूर्वी पोटातला ताण मोजायचा तर जोड कापावा लागे, आणि कापला की ताण सुटून जाई. म्हणजे मेल्यावर नाडी बघण्यातला प्रकार. वैदू मात्र पोलादात न्यूट्रॉन सोडतो. ते अणूंच्या ओळींवर आदळून ठरावीक कोनात वळतात. ओळी ताणलेल्या असल्या की त्यांच्यातलं अंतर किंचित वाढतं, आणि तो कोन किंचित बदलतो. तेवढ्यावरून कुठल्या खोलीवर किती ताण आहे त्याचा नकाशा मिळतो. या कामाला एके काळी अख्खी अणुभट्टी लागायची, आता जीप पुरते.

आणि मग कुणी मनातही आणलं नव्हतं ते झालं. त्या नकाशात जोडाचा सगळा इतिहास सापडायला लागला. कुठला थर आधी भरला, कुठे काम थांबलं, कुठे घाई झाली, सगळं. जुन्या पुलांचे कंत्राटदार एकाएकी तीर्थयात्रांना निघाले. कुंदा मात्र वैदू घेऊन निघाली ती थेट कुंभारखिंडीच्या पुलाकडे.

कुंदाचे वडील भिकाजी साटम हे कणकवलीकडून घाटावर आलेले वेल्डर. घाटावरच्या ज्या कारखान्यात कुंभारखिंडीच्या कमानी पुलाचे भाग बनले, तिथे ते जाड प्लेटींचं काम करायचे. माणूस उभा राहील एवढ्या दोन पोलादी पेट्या, जुळ्या, शेजारी शेजारी ठेवून त्यांचे जोड भरणं चालू होतं. जोड तिसरा हिस्सा भरले होते आणि खंडेनवमी आली. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, यंत्रं बंद राहतात, पान्यापासून क्रेनपर्यंत सगळ्यांना कुंकू आणि झेंडू. तापपट्ट्यांचं मशीन नवंकोरं, परदेशी. मालक स्वतः पूजेला येणार होते. कारखान्याचे मॅनेजर प्रभाकर खासनीस यांनी हुकूम सोडला की, तेही बंद करा.

भिकाजी म्हणाले, “साहेब, जोड अर्धवट आहे, गार पडेल. भरून होऊ दे, मग करू पूजा.”

साहेब म्हणाले, “देवापेक्षा मोठा झालास काय रे? उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर कर पुढचं.”

बंद झालं. दसऱ्याला पुन्हा घाईघाईने तापवून जोड पुरा केला. त्यातली एक पेटी पुलावर चढली. दुसरी उचलताना जोडात तुटली, आणि खाली उभे असलेले दोघं जागीच गेले. चौकशीत खासनिसांनी शपथेवर सांगितलं की भिकाजी साटमने आपलं वाईट काम कुणाला न सांगता उकरलं आणि गारच भरून टाकलं. मशीन बंद झालंच नव्हतं म्हणे. मालकाला हार घालताना टाळ्या वाजवणारे सगळे त्या दिवशी आंधळे होते, असं कोर्टात निघालं. भिकाजींना शिक्षा झाली. ते तुरुंगात असताना कुंदाची आई वारली. शाळेत पोरी कुंदाला ‘माणसं मारणाऱ्याची मुलगी’ म्हणायच्या. आणि खासनीस? ते चढत गेले. चढत चढत राज्याच्या पूल-तपासणी मंडळाचे अध्यक्ष झाले. काय म्हणावं या न्यायाला!

तुटलेली पेटी कधीच भट्टीत गेली होती. पण तिची जुळी बहीण वीस-बावीस वर्षं खिंडीवर उभी होती, पोटात तीच खंडेनवमी घेऊन.

कुंदाने पेटीचे चारही कोपरे तपासले. नकाशे पडद्यावर उमटत गेले तशी ती आणखी पुढे वाकत गेली. वरपासून खालपर्यंत एक सलग लाट दिसायला हवी होती. तिथे दोन लाटा होत्या, एकीवर एक ठेवलेल्या, आणि दोघींच्या मध्ये पायरी. चारही कोपऱ्यांत पायरी एकाच खोलीवर. एखाद्याने वाईट काम उकरून भरलं असतं, तर तेवढाच तुकडा बिघडलेला दिसला असता. चारही कोपरे एकदम गार पडतात, ते फक्त मशीन बंद केल्यावर. पायरीवर चीर होती आणि ती वाढत होती. त्याच तासाला कुंदाने पूल वाहतुकीला बंद करायला लावला. तेवढं काम तिने सरळ केलं.

पुढचं तिने सरळ केलं नाही.

चारही नकाशे मंडळाकडे पाठवले असते तर काय झालं असतं, ते तिला दिसत होतं. अध्यक्षांनी दुसरा तज्ज्ञ नेमला असता, त्याने तिसरा सुचवला असता, पूल गुपचूप दुरुस्त झाला असता, आणि खासनिसांनी नव्या पुलाच्या नारळाला हात लावून फोटो काढला असता. म्हणून तिने एकाच कोपऱ्याचा नकाशा पाठवला. खाली लिहिलं की हे दोन कारणांनी होऊ शकतं, वेल्डरने उकरून गार भरलं असेल किंवा काम चालू असताना तापपट्टे बंद पडले असतील. पहिलं असेल तर बाहेरून तापवून ताण उतरवता येतो. दुसरं असेल तर आत लांबच लांब चीर आहे, बाहेरून तापवलं की ती उलगडेल आणि पेटी तुटेल. वैदूला दोन्हींतला फरक कळत नाही. शेवटचं वाक्य धडधडीत खोटं होतं, आणि ते लिहिताना तिचा हात जराही अडखळला नाही.

खासनिसांनी तिला पुण्यात बोलावून घेतलं. पांढरे केस, गोड आवाज, टेबलावर आपलाच पुतळा शोभेल असं बसणं. त्यांनी अहवाल चाळला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“साटम. आडनाव ओळखीचं वाटतंय.”

“असेल साहेब. आमच्याकडे साटम पैशाला पासरी.”

“हं.” त्यांनी पान उलटलं. आठवलं नाही त्यांना! कुंदाला वाटलं होतं की आपण ओळखू येऊ आणि तिथेच खटका उडेल. ज्या माणसाने आपलं घर जाळलं, त्याला घराचं नावसुद्धा लक्षात नाही. त्या क्षणापर्यंत तिच्या मनात कुठे थोडी दयामाया शिल्लक असेल, तर ती तिथे टेबलाखाली सांडली.

“यात शंका कसली?” खासनीस म्हणाले. “त्या वेळी कोर्टात सिद्ध झालंय. वेल्डरने उकरून भरलं. बाहेरून तापवा.”

“तुम्ही सही करता?”

“करतो की.”

“मग तुमच्याच मंडळाचा नियम आहे, साहेब. दुरुस्तीवर ज्याची सही, तो काम सुरू होताना जोडापाशी हजर पाहिजे. भाषणात तुम्हीच म्हणाला होतात, सही करील त्याने साक्षीला उभं राहावं.”

खासनिसांचं पेन किंचित थांबलं. टाळ्या घेणारं वाक्य होतं ते, वर्तमानपत्रांत छापून आलेलं. आता मागे कसं घेणार? त्यांनी सही केली. कुंदाने कागद उचलला, आणि जिना उतरताना तिला इतकं बरं वाटलं की तिने कोपऱ्यावरच्या गाडीवर उभं राहून दोन वडे खाल्ले.

घरी तिने वडिलांना सांगितलं, “बाबा, कामावर चला माझ्याबरोबर. खासनीस येतोय.”

भिकाजी आता सत्तरीला टेकले होते. तुरुंगातून आल्यावर त्यांनी वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नव्हता, आणि खंडेनवमीला ते दिवसभर घराबाहेर असायचे. त्यांच्या डोक्यात खासनीस नव्हताच कधी. त्यांच्या डोक्यात ती दोन माणसं होती. वीस वर्षं ते एकच प्रश्न विचारत आले होते, तोच त्यांनी परत विचारला. “माझा हात चुकला होता काय गो? तेवढं सांग.”

“नाही चुकला. पण माझ्याकडून नका ऐकू. त्याच्याकडून ऐका.”

दुरुस्तीच्या दिवशी खिंडीत स्वच्छ ऊन होतं. पुलाच्या टोकाला तंबू, तंबूत दुरुस्तीवाले लोक, त्यांचे फोरमन लोंढे, आणि एका खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले भिकाजी. नियमाप्रमाणे सगळ्याचं चित्रण चालू होतं आणि पेटीतला आवाज तंबूतल्या स्पीकरवर येत होता. कमानीच्या पोकळ पेटीत दोनच माणसं उतरली, कुंदा आणि खासनीस. डोक्यावर एक दिवा, पायाखाली पोलाद आणि त्याखाली खोल दरी. जोड त्यांच्या छातीच्या उंचीवर होता. बाहेरच्या अंगाला तापपट्टे गुंडाळलेले होते आणि त्यांचं तापमान कुंदाच्या हातातल्या पडद्यावर दिसत होतं.

“करू चालू?”

“करा,” खासनीस म्हणाले. “लवकर आटपा.”

पडद्यावरचा आकडा वाढायला लागला. साठ. नव्वद. खासनिसांनी रुमालाने मान पुसली. एकशे दहा. एकशे चाळीस झाले आणि कुठेतरी पोलादात ‘टक्’ असा आवाज झाला.

“काय झालं?”

“ताण हलतोय.”

“उतरतोय की वाढतोय?”

“ते तुम्हाला माहीत, साहेब. मला कुठे माहीत? मी त्या दिवशी तिथे नव्हते. नववीत होते मी.” तिने त्यांच्याकडे बघितलं. “माझे वडील होते. भिकाजी साटम.”

खासनिसांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने तो डोळे भरून बघितला, उगाच खोटं कशाला सांगा.

एकशे साठ. पुन्हा ‘टक्’. या वेळी जवळून.

“बंद कर ते.”

“कशाला? उकरून गार भरलं असेल तर तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. शपथेवर सांगितलंय तुम्ही. माझ्या वडिलांना आत पाठवलंत त्या शपथेवर. ती शपथ आता तुमच्याही उपयोगी पडू दे.”

“हे बघ मुली, माझं ऐक...”

“पेटी तुटली तर मीपण खाली जाणार, साहेब. मला चालेल.”

टक्. टक्. एकशे ऐंशी. खासनिसांनी शिडीकडे बघितलं. शिडीपुढे कुंदा उभी होती. म्हाताऱ्याचा श्वास फुलला आणि मग बांध फुटावा तसं ते एकदम बाहेर आलं.

“मी बंद करायला लावलं! मशीन मी बंद करायला लावलं. मालक येणार होते. चालू मशीनला हार कसा घालणार? भिकू सांगत होता, जोड गार पडेल म्हणून. सांगत होता तो. मी ऐकलं नाही. आता बंद कर, तुझ्या पाया पडतो!”

“आणि कोर्टात?”

“खोटं बोललो. सगळ्यांना गप्प बसायला मीच सांगितलं.”

“दोन माणसं मेली. नावं सांगा.”

खासनिसांनी आठवून बघितलं. त्यांना नावं येत नव्हती.

“हणमंत शेडगे,” कुंदा म्हणाली. “यासीन मुजावर. म्हणा.”

“हणमंत... शेडगे. यासीन मुजावर.”

“परत.”

त्यांनी परत म्हटली, लहान मुलासारखी, रडत. तेव्हा कुंदाने पडदा त्यांच्यासमोर धरला. आकडा एकशे नव्वद दाखवत होता. दुसरा हात तिने जोडाशेजारच्या पोलादावर सपाट ठेवला, आणि ठेवूनच राहिली.

“माठासारखं गार आहे, साहेब. पट्ट्यांना वीज जोडलेलीच नाही. पडद्यावर चाललंय तो नवशिक्यांच्या सरावाचा प्रोग्राम. आणि टकटक म्हणाल, तर सकाळी डोंगरावरून ऊन आलं की हा पूल रोजच करतो. पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर होतं, हात लावून बघायचं सुचलं नाही तुम्हाला.”

शिडी चढून ती बाहेर आली. तिला वाटलं होतं, लोक ओरडतील. पण तंबूत निराळंच चाललं होतं. लोंढ्यांनी हेल्मेट काढून भिकाजींच्या पायापाशी ठेवलं होतं आणि ते डोळे पुसत होते. भिकाजी मात्र लेकीकडे बघत होते, आणि ते बघणं काही कौतुकाचं नव्हतं.

“पट्टे तापलेच नव्हते ना गो?”

“कसं कळलं?”

“तापले असते तर रंग जळल्याचा वास सुटला असता.” ते उठले. “माणसाला खोटं बोलून फसवलंस, तो होताच त्या लायकीचा. पण मशीनला कशाला खोटं बोलायला लावलंस? उद्या तेच मशीन माझ्या बाजूने बोललं तर ऐकणार कोण?”

कुंदाला हे सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं पुढची मागची प्रत्येक चाल तिने घोकली होती आणि एवढी साधी गोष्ट राहून गेली होती. सुडाचं हेच वाईट, मानेला एकाच दिशेला बघायची सवय लागते.

आणि झालंही तसंच. खासनिसांच्या वकिलाने दोन वाक्यांत तिला उघडं पाडलं. जिवाची भीती घालून घेतलेला कबुलीजबाब कोर्ट मानत नाही, हे एक. आणि ज्या बाईने सगळ्यांदेखत खोटं तापमान दाखवलं, मंडळाला खोटं लिहिलं, तिच्या न्यूट्रॉनच्या नकाशांवर विश्वास कसा ठेवायचा, हे दुसरं. चार कोपऱ्यांचे नकाशे तिने आता पुढे केले, तर लोक हसले. परवाना काढून घेतला गेला. वैदू दुसऱ्याच्या जीपमध्ये गेला. वर्तमानपत्रं दोन दिवस तिच्या बाजूने होती, तिसऱ्या दिवशी खासनिसांच्या तब्येतीच्या बातम्या यायला लागल्या. कुंदा रात्ररात्र दात खात बसायची. हातात आलेला साप तिने स्वतःच सोडला होता.

“पूल तर दुरुस्त करावाच लागेल ना?” एके दिवशी जेवताना भिकाजी म्हणाले.

“लागेल.”

“गार पडला असा संशय आहे म्हटल्यावर बाहेरून तापवायला कोण धजणार? आतून उकरूनच काढावा लागेल.”

कुंदाचा घास हातातच राहिला. वैदूवर विश्वास नसेना का, डोळ्यांवर तरी ठेवतील! तिने अर्ज केले, लोंढ्यांनी केले, हणमंतच्या थोरल्या मुलीने केला, यासीनच्या भावाने केला. शेवटी कोर्टाने सांगितलं की जोड सगळ्यांसमोर उकरा, वकिलांनाही उभं करा.

पुलाला खालून टेकू दिले, आणि चारही कोपरे थराथराने खरवडत उकरले. तिसऱ्या हिश्शाची खोली जवळ आली तेव्हा लोंढ्यांनी काम थांबवून लाल रंगाचं पातळ औषध लावलं, पुसलं, वर पांढरी भुकटी फवारली. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग भुकटीवर वर येतो. सगळे वाकून बघत होते, वकीलसुद्धा. पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटली, बारीक, सरळ, भांगात भरलेल्या कुंकवासारखी. पहिल्या कोपऱ्यात, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. खोली तीच. वकिलाने चष्मा काढून पुसला आणि परत घातला, म्हणून काही रेघ गेली नाही.

भिकाजींना खाली उतरायला दोघांनी हात दिला. त्यांनी बॅटरी धरून उकरलेल्या कडा निरखल्या. रेघेच्या खालचे थर बघितले, वरचे बघितले. किती तरी वेळ बघत होते.

“स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे गो. हात नाही चुकला माझा.” आणि एवढ्या लोकांसमोर ते हमसून हमसून रडले. कुंदाने त्यांना धरलं. तिलाही रडू येत होतं, पण तिचे डोळे त्यांच्या खांद्यावरून वकिलाच्या फोनकडे होते. तो खासनिसांना कळवत होता आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

तपासणीनंतर जोडाचे तुकडे कोर्टात गेले. एक छोटा तुकडा भिकाजींनी रीतसर परवानगी मागून घरी नेला. तेव्हापासून ते रोज दुपारी ओट्यावर कानस घेऊन बसायचे. कुंदाला वाटलं, आठवण म्हणून ठेवतील, देव्हाऱ्यापाशी वगैरे. म्हातारा निवला, तिने मनात म्हटलं. ती स्वतः मात्र निवली नव्हती. खासनिसांचं अध्यक्षपद गेलं होतं, खोट्या साक्षीचा खटला उभा राहिला होता, तरी तिचं पोट भरत नव्हतं.

खंडेनवमी आली. त्या वर्षी भिकाजी घराबाहेर गेले नाहीत. पाटावर त्यांनी जुना होल्डर, हातोडी, कानस मांडली, झेंडू वाहायला घेतला. कुंदा गॅस बंद करायला गेली, कारण पूजेच्या वेळी घरात काही चालू ठेवत नाहीत.

“भात झालाय?” त्यांनी विचारलं.

“थोडा राहिलाय.”

“मग होऊ दे पुरा. पूजा थांबते.”

दुसऱ्या दिवशी दसरा. भिकाजींनी धुतलेला सदरा घातला आणि तिला गाडी काढायला सांगितली, पुण्याला. कुठे, ते तिने विचारलं नाही.

खासनिसांच्या बंगल्यात दर दसऱ्याला सोनं द्यायला रांग लागायची, असं लोक सांगत. त्या संध्याकाळी दाराशी चपलांचा एक जोडही नव्हता. खासनिसांच्या पत्नीने दार उघडलं, ओळखलं, आणि त्या बाजूला झाल्या. दिवाणखान्यात तबक मांडलेलं होतं, पेढे होते, आपट्याचं पान एकही नव्हतं. खासनीस आरामखुर्चीत बसले होते. या दोघांना बघून ते उठायला गेले आणि अर्ध्यावरच राहिले.

“दसरा आहे, साहेब,” भिकाजी म्हणाले. “सोनं घ्या.”

त्यांनी खिशातून तुकडा काढला. आपट्याच्या पानाच्या आकारात कापलेला, दोन पाकळ्यांचा, आरशासारखा घासून लखलखीत केलेला पोलादाचा तुकडा. दोन पाकळ्यांच्या मधोमध, जिथे पानाला शीर असते, तिथे ती चीर होती. कुंदा वडिलांकडे बघतच राहिली. निवला कसला! एवढे दिवस म्हातारा कानशीने हे घडवत होता.

कुणी सोनं पुढे केलं की हात आपोआप पुढे होतो, जन्माची सवय. खासनिसांचाही झाला. पण तुकडा तळहाताशी आला तसा तो हात मागे जाऊ लागला.

भिकाजींनी त्यांचं मनगट धरलं, तुकडा तळहातावर ठेवला आणि बोटं एकेक करून मिटवली.

“घाबरू नका,” ते म्हणाले. “गार आहे.”

मग ते वळले, दारात चपला घातल्या, आणि लेकीला म्हणाले, “चल गो, उशीर होईल.”